मीटर माझ्या नावावर

फ्रिजला जागा सगळ्यांनी दिली,
प्लग कुणी देईना.
सोसायटी म्हणाली, ठराव लागेल.
मेडिकलवाला म्हणाला, माझा इन्सुलिनचा आधीच चालू आहे.
शेवटी मी इस्त्रीच्या टेबलाखालचा बोर्ड दाखवला.
तेव्हापासून पवननगरच्या मागच्या गल्लीत
माझ्या खिडकीतून एक पांढरी वायर बाहेर जाते
आणि लोक तिला म्हणतात, संस्था.

फ्रिज गायधनीबाईंचा. पिस्त्याच्या रंगाचा.
लेक कॅनडाला गेली, दोन माणसांना एवढा कशाला, म्हणाल्या.
भद्रकालीचा इद्रिस येऊन गॅस भरून गेला.
पैसे विचारले तर म्हणाला,
दारावर एवढंच लिहा ताई, लाथेनं लावू नका.
ते लिहिलंय. बाकी नियम नाहीत.
पहिल्या आठवड्यात अकरा होते,
कागद ओला होऊन गळून पडला,
पुन्हा कुणी चिकटवला नाही.

सकाळी मिसळीचा रस्सा येतो, तर्री वेगळ्या पिशवीत.
लग्नसराईत मठ्ठ्याचे कॅन
आणि जिलबी, जिलबी, जिलबी.
फेब्रुवारीत पिंपळगावचा टेम्पोवाला द्राक्षं टाकून जातो,
घडातून सुटलेले मणी,
परदेशच्या मापात न बसलेले.
गोड तेच असतात.

अंबडची सेकंड शिफ्ट सुटली की
कॉट बेसिसवरची दोन पोरं येतात,
उभ्या उभ्या खातात, हेल्मेटसुद्धा काढत नाहीत.
सुरगाण्याची एक मुलगी आहे, भरतीचा अभ्यास करते.
ती येते फक्त मी पाठमोरी असताना.
म्हणून सातच्या सुमाराला मी पाठमोरी होते.
कॉलर भिंतीकडे तोंड करूनच नीट बसते,
असं मी दौलतला, माझ्या नवऱ्याला, पटवून दिलंय.

निमसेकाका मोजतात.
समोरच्या गॅलरीतून. कोण, किती, कितीदा.
म्हणाले, लोकांना फुकटाची सवय लावताय.
मी म्हटलं, काका, गोदावरीवर कुणी तांबे मोजतं का?
म्हणाले, गोदावरीचं लाइट बिल येत नाही.

ते खरं होतं.
त्या महिन्याला चारशे बारा जास्त आलं.

मी अंड्यांच्या कप्प्यात चिल्लर ठेवायची जागा केली.
पहिल्या दिवशी दोन रुपये आणि शर्टाचं एक बटण.
बटण माझ्याच गिऱ्हाइकाचं निघालं.

मग गायधनीबाईंचा डबा हरवला.
झाकणावर नाव कोरलेला, रुखवतातला.
त्या काही बोलल्या नाहीत, म्हणजे फारच लागलं असणार.
सतरा दिवसांनी खालच्या कप्प्यात सापडला,
घासलेला, इतका की नाव जरा पुसट वाटलं.
आत नागलीचं पीठ.
चिठ्ठी नाही, काही नाही.
बाई दुकानातच स्टुलावर बसल्या,
पिठाचा वास घेतला.
म्हणाल्या, रिकामा डबा परत द्यायचा नसतो,
हे आता कुणाच्या घरी शिकवतात?
मला माहीत होतं कुणाच्या.
मी भिंतीकडे तोंड करून कॉलर दाबत राहिले.

एक गोष्ट निमसेकाकांच्या मोजणीत नाही.
मे महिन्यात शाळा बंद, ऑफिसवाले गावाला,
कपड्यांचा ढीग गुडघ्याएवढासुद्धा नाही.
दौलतच्या रिक्षाचा हप्ता त्याच आठवड्यात.
रात्री गल्ली झोपल्यावर शटर अर्धं ओढलं, वाकून बाहेर आले,
आणि ज्याचं मीटर माझ्या नावावर आहे
ते दार चोरासारखं उघडलं.

तीन पोळ्या, गवारीची भाजी.
वर वहीचा तुकडा:
मीठ कमी पडलंय, सांभाळून घ्या.

कमी नव्हतं.